काटा थांबेपर्यंत

सोमवार, १ सप्टेंबर

शाळेच्या व्हॅनचे काका आज दुकानात आले आणि काउंटरपाशी चक्क हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, पोरगी गुणाची आहे. पण उद्यापासून तिला तुम्हीच सोडा. माझं काळीज एवढं घट्ट नाही." वळणावर गाडी हळू झाली, फुटपाथवर कुत्र्याचं पिल्लू दिसलं आणि आमच्या भिंगरीने चालत्या गाडीचं दार उघडलं. मागच्या मुलाने तिचं दप्तर पकडलं म्हणून ती आत राहिली.

भिंगरी आमची एकुलती एक, वय नऊ. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथेच असतं. मी विचारलं, "दार का उघडलंस?"

"पिल्लू होतं ना."

"गाडी चालू होती ना?"

"ते दार उघडल्यावर कळलं."

खोटं बोलत नाही, हे मान्य केलं पाहिजे. किंबहुना तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक वजनकाटा दुरुस्तीला घेऊन आलं, तर ही त्यांना म्हणाली, "बाबा म्हणतो हा तुम्ही मुद्दाम बिघडवलाय." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

ही वही दुकानातल्या दुरुस्त्या टिपायला आणली होती. पहिल्याच पानावर हे आलं. मी स्वभावाने शांत माणूस आहे, लिहिलं की आणखी शांत होतो. आज बरंच लिहावं लागलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

डॉक्टरबाईंकडे गेलो. तपासण्या महिनाभर चालूच होत्या, आज त्यांनी नाव सांगितलं. एडीएचडी. बायको वाचनालयात काम करते, त्यामुळे तिला हळू आणि सावकाश बोलायची सवय. तिने व्हॅनचा प्रकार सांगितला. मध्ये मध्ये मी दुरुस्त्या केल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांचं होऊ दे, मग तुमचं ऐकते." मीही तेच म्हणत होतो.

भिंगरीला पडद्यावरचा एक खेळ दिला. गोल आला की बटण दाबायचं, चौकोन आला की हात आवरायचा. तिने चौकोनांवरही सपासप बटण दाबलं. मी म्हटलं, बघू. माझ्याकडूनही बरेच चौकोन दाबले गेले. ते बटण फार हलकं आहे, स्प्रिंग बदलायला हवी, असं मी सांगितलं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

त्यांचं म्हणणं असं. हा हट्ट नाही, लाडही नाही. मनात आलेलं आणि हातून होणारं यांच्यामध्ये बाकीच्यांना जी क्षणभर जागा मिळते, ती हिला मिळत नाही. औषधाने ती मिळू शकते.

"म्हणजे गुंगीत ठेवायचं," मी म्हटलं.

"उलट. हे औषध उत्तेजक आहे."

"आधीच मर्कट! तिला वर उत्तेजक?"

"मेंदूत थांबवणारी जी यंत्रणा आहे, तिला ते जागं करतं. शहाणपण देत नाही. थांबल्यावर काय करायचं ते तीच ठरवेल. आणि सगळ्यांना लागू पडतंच असंही नाही. भूक कमी होऊ शकते, झोप उशिरा लागू शकते, उतरताना चिडचिड होऊ शकते."

बायकोचं मत, औषध द्यावं. माझं मत, नको. मला भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. भिंगरी सकाळी जिन्यावरून गात उतरते, एक ओळ धड पुरी करत नाही, पण गाते. ते गोळीने बंद झालं तर ते परत आणायला कोणाकडे जायचं?

नवरा-बायकोचं एकमत होईना, तेव्हा डॉक्टरबाईंनी तोड काढली. चार आठवड्यांची चार पाकिटं. दोन आठवडे औषध, दोन आठवडे नुसती पावडर. कॅप्सूल वरून सगळ्या सारख्या. कुठलं पाकीट कसलं ते फक्त औषधं भरणाऱ्याला ठाऊक, डॉक्टरबाईंनाही नाही. बायको, मी आणि वर्गबाई, तिघांनी रोज आपापले दहापैकी गुण लिहायचे, एकमेकांना दाखवायचे नाहीत. डॉक्टरबाईंनी बजावलं, "एकच पथ्य. कुठलं पाकीट खरं याचा शोध घेऊ नका. एकदा मनाने ठरवलं की डोळे तेच बघतात."

मला हे पटलं. वजनाच्या धंद्यात आहे, निःपक्षपातीपणा मला शिकवायला नको.

घरी येताना बायको म्हणाली, "हिच्यात हे कुठून आलं ते शोधायला फार लांब जायला नको." खरं आहे. तिच्या भावाने किती नोकऱ्या सोडल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पहिलं पाकीट सोमवारी सुरू झालं. फरक शून्य. वर्गात दुसऱ्याची उत्तरं हीच देते. दुकानात प्लॅटफॉर्म काट्यावर उडी मारून आली, वर गिऱ्हाइकाची पिशवी होती. मी बोलत असताना चारदा मध्ये तोंड घातलं, पाचव्यांदा मी तिच्या मध्ये घातलं. आज दोन गुण. काल तीन होते.

बायकोने किती दिले ते बघावंसं वाटलं, पण तिचा कागद तिने कुठे ठेवलाय ते मला सापडलं नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

परवा रविवारी मावशीकडे जायला फार लवकर निघालो, गडबडीत पहिल्या पाकिटातली शेवटची कॅप्सूल द्यायची राहिली. पाकिटात तशीच आहे. कालपासून दुसरं पाकीट.

आज शाळेतून येऊन भिंगरी दुकानात बसली. एक जुनी तागडी समतोल करायची होती. माझ्या वडिलांचा नियम होता, काटा थांबेपर्यंत आकडा बोलायचा नाही. हलत्या काट्यावर बोलतो तो व्यापारी, थांबून बोलतो तो कारागीर. मी हे तिला शंभरदा सांगितलंय, आणि शंभरदा तिने काटा हलता असतानाच आकडा ओरडलाय. आज ती टेबलावर हनुवटी ठेवून बघत बसली. काटा डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मग थांबला, आणि मग ती म्हणाली, "बरोबर आहे, बाबा."

माझ्याच्याने तेवढं थांबवलं नव्हतं, मी आधीच बोलून मोकळा झालो होतो.

डबा अर्धा परत आला. बायकोचं हल्ली स्वयंपाकात लक्ष नाही. दिवेलागणीला भिंगरी उगाच रडवेली झाली, बुटाच्या नाडीवरून. सकाळी जिन्यावरून न गाता उतरली, ते मला आवडलं नाही. गुण सात.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज जे केलं ते नीट नोंदवतो, कारण त्यात गैर काही नाही.

एका सोनाराचा काटा दुरुस्तीला आला आहे. काचेच्या पेटीतला, श्वास लागला तरी हलणारा. दुरुस्त झाला. आता दुरुस्त काट्याची चाचणी घ्यायला काहीतरी बारीक लागतंच. केस ठेवला, तांदळाचा दाणा ठेवला. मग वर घरी गेलो आणि कपाटातून पाकिटं आणली. एका पारड्यात पहिल्या पाकिटातली उरलेली कॅप्सूल, दुसऱ्यात दुसऱ्या पाकिटातली. पहिली खाली गेली. इतर दोन पाकिटांचंही तसंच केलं. पहिलं आणि चौथं जड, दुसरं आणि तिसरं हलकं. फरक एवढासा, पण काटा खोटं बोलत नाही.

कॅप्सूल मी उघडली नाही. उघडणं म्हणजे फसवणूक. वजन करणं हा माझा धंदा आहे.

जडात काहीतरी जास्त आहे, म्हणजे औषध आहे. लहान मूलही सांगेल. सगळं परत जागच्या जागी ठेवलं. पारड्यातून उचलताना मागे जिन्याची पायरी करकरली होती. मांजर असावं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

म्हणजे गेल्या आठवड्यात ती औषधावर होती, आणि आत्ता नाही! आत्ताचं हे शहाण्यासारखं वागणं तिचं स्वतःचं आहे. मी म्हणतच होतो. पोरगी मोठी होतेय, बास. मला इतका आनंद झाला की दुपारी दुकान बंद करून तिच्यासाठी स्केटिंगचे बूट घेऊन आलो. बायको म्हणाली, "तिला एक मापाने मोठे आहेत, आणि घेताना विचारलंस का?" वाढेल की ती.

नव्या माहितीच्या प्रकाशात पहिल्या आठवड्याचे गुण पुन्हा तपासले. औषध होतं म्हणजे थोडा तरी फरक असलाच पाहिजे. दोनाचे पाच केले, तीनाचे सहा. उलट या आठवड्यातले सात जरा भावनेच्या भरात दिले होते. ते पाच केले. हवाही गार झाली आहे, त्याने मुलं तशीही शांत होतात.

बायकोने विचारलं, "स्वारी एवढी खुशीत का?" मी सांगितलं, काटा छान दुरुस्त झाला. भिंगरी माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटून बसली. दात दुखत असेल.

शनिवार, २७ सप्टेंबर

तिसरं पाकीट. माझ्या हिशेबी पावडर. मग मी आज तो प्रयोग केला जो कोणी केला नसता. समोरच्या बेकरीतून पाव आणायला तिला एकटीला पाठवलं. रस्ता रुंद नाही, पण वाहता आहे. मी दुकानाच्या दारात उभा राहिलो.

ती कडेला थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एक रिक्षा जाऊ दिली, परत बघितलं. पलीकडे गेली, पाव घेतला, तशीच आली. माझा ऊर भरून आला. गिऱ्हाइकासमोर डोळे पुसावे लागले, धूळ गेली असं सांगितलं.

बिनऔषधाची, आपली आपण. बायकोला सांगण्यासाठी जीभ वळवळत होती. पण सांगायचं तर कशावरून म्हणतोस ते आलं. गप्प राहिलो. डबा आजकाल रोज अर्धा परत येतो, हे मात्र बोललो. ती म्हणाली, "मी लिहिते ते माझ्या कागदावर." तिने कुठल्या अर्थाने लिहिलं, देव जाणे.

बुधवार, १ ऑक्टोबर

चौथं पाकीट. वर्गबाईंनी मला फाटकाशी गाठलं. भिंगरीने पुढच्या मुलीची वेणी कापली. पूर्ण नाही, टोक. कात्री हातात होती आणि वेणी समोर होती, एवढंच कारण. सकाळी मात्र जिन्यावर गाणं सुरू आहे.

हेच ते तुमचं औषध. बायकोला म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता बंद करू, पोरीला बाधतंय. ती म्हणाली, "तुला कसं माहीत की या आठवड्यात औषध आहे?"

मी म्हटलं, अंदाज.

"अंदाज करायचा नव्हता ना?"

ती वाचनालयातली बाई आहे, नजरेने माणसाला गप्प करते. चार दिवस राहिलेत, पुरे करू म्हणाली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

भिंगरीच्या भुवईवर टाके पडले. डोळा वाचला.

मीच पाठवली होती. मी म्हटलं, गेल्या शनिवारी बिनऔषधाची गेली, तर आज काय अवघड आहे. दारातही उभा राहिलो नाही, आत फोनवर बोलत होतो. ब्रेक ऐकू आला. बेकरीवाल्याने दारात फुगा लावला होता, नवीन. ती कडेला थांबलीच नाही. सायकलवरून एक बाई येत होत्या, त्यांच्या टोपलीत अंडी होती. बाईंचं मनगट मुरगळलं, रस्त्यावर सगळा बलक, आणि त्यात भिंगरी बसलेली, तोंड रक्ताने माखलेलं. मला आधी कळेना की किती कुठलं आहे.

दवाखान्यात टाके घालताना ती ओरडली नाही. नंतर मला म्हणाली, "बाबा, मला थांबायचं होतं. खरंच. पाय आधी गेले, मी मागून गेले."

बायको आली. तिने विचारलं, एकटीला कोणी पाठवलं. मी म्हटलं, मी. ती वळली आणि भिंगरीच्या केसातला बलक पुसू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज गुण लिहिले नाहीत.

सोमवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंकडे तिघंही गेलो. त्यांनी आमच्यासमोर औषधं भरणाऱ्याला फोन केला आणि उत्तर घेतलं.

औषध दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकिटात होतं.

मी म्हटलं, त्यांचा घोळ झाला असेल, पुन्हा विचारा. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या. मग त्यांनी तिघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. वर्गबाईंचा आणि बायकोचा कागद जुळ्या बहिणींसारखे. पहिला आठवडा खाली, मधले दोन वर, चौथा पुन्हा खाली. भूक कमी झालेली, संध्याकाळची चिडचिड, सगळं बायकोने त्याच दोन आठवड्यांत टिपलेलं. माझ्या कागदावर मात्र पहिला आठवडा दुसऱ्याच्या वर.

"तुमच्या पहिल्या आठवड्यात बरीच खाडाखोड दिसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "का बरं?"

"पेन नीट चालत नव्हतं," मी म्हटलं.

भिंगरी खुर्चीत पाय हलवत होती. कपाळावर पट्टी. तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. आज सकाळी तिने कॅप्सूल घेतली नव्हती. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, टाके दुखतायत.

बाहेर आल्यावर बायको औषधाच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली. आम्ही दोघं बाकावर. आणि पोरीचं धरण फुटलं.

"बाबा, मी पाहिलं होतं. तू गोळ्यांचं वजन करत होतास. काचेच्या काट्यावर."

मी आधी रांगेतल्या बायकोकडे बघितलं. "कधी?"

"त्या बुधवारी. मी जिन्यावर होते. आईला सांगायला वर पळाले. दारापर्यंत गेले. आणि मग थांबले."

"का?"

"माहीत नाही. थांबता आलं म्हणून. मग विचार केला, सांगितलं तर तुम्ही भांडाल. आणि तू रोज खुशीत होतास. मग म्हटलं, राहू दे. मग रोज राहू दे, राहू दे." तिने पट्टीला हात लावला. "चौथ्या आठवड्यात फार अवघड गेलं. एकदा उशीत तोंड घालून उशीला सांगितलं. आत्ता आत तर मी फुटणारच होते."

मी तिला विचारलं, औषध असतं तेव्हा कसं वाटतं. ती म्हणाली, "डोक्यात सगळे एकदम नाही बोलत. रांगेत उभे राहतात. पण गाणंपण रांगेत उभं राहतं. संध्याकाळी येतं."

मी तिच्या वयाचा असतो तर सांगून मोकळा झालो असतो. आताच्या वयातही झालो असतो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सकाळी बायकोला सांगितलं. ती कपाटाच्या दारात उभी होती. म्हणाली, "वजन केलंस हे नव्हतं माहीत. उत्तर मिळाल्यासारखा वागत होतास, एवढं दिसत होतं." मग म्हणाली, "टाके तिला पडले." तिचं बरोबर होतं. मग तिनेच चहा ठेवला.

दुपारी डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, जड-हलक्यासकट. त्यांनी रागावण्याऐवजी समजावलं की नुसती पावडर ठासून भरावी लागते, गोळी आत घातली की भोवती पोकळी राहते. हलकी ती औषधाची. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की वजनावरून माल ओळखू नका.

मग भिंगरीने पाहिलं आणि सांगितलं नाही, तेही सांगितलं.

"कुठल्या दिवशी पाहिलं तिने?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी."

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "चार आठवड्यांत आपण सगळ्यांनी मिळून जे मोजलं, त्यातली ही सगळ्यात चांगली नोंद आहे. तिच्या कागदावर मी लिहून ठेवते. आणि नंतरचे दोन आठवडे तिने जे पेललं, त्यातला शेवटचा तर बिनऔषधाचा होता, तेही लिहिते." मग म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या लहानपणी..."

मी मध्येच म्हटलं, माझ्या लहानपणी असलं काही नव्हतं, आम्ही सरळ होतो, शाळा मी पाच बदलल्या पण त्या वडिलांनी दुकान हलवल्यामुळे, निदान पहिल्या दोन. त्या म्हणाल्या, "बरं. कधी सवडीने या. त्या बटणाची स्प्रिंग मी तपासून घेतली आहे. ठीक आहे ती."

औषध उद्यापासून सुरू करायचं, कमी मात्रेने, महिन्याने पुन्हा वजन-उंची बघायची. मी हो म्हटलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सकाळी कॅप्सूल मी माझ्या हाताने दिली. जिन्यावर गाणं नव्हतं. मला ते अजूनही आवडत नाही, आणि ते मी कोणापासून लपवणार नाही.

त्या सायकलवाल्या बाईंकडे जायचं होतं. बेकरीतून केक घेतला, बरोबर अंड्यांची पेटी. दोघांनी मिळून माफी मागायची ठरलं होतं. भिंगरीने एका हातात पेटी धरली होती, दुसऱ्या हाताने माझा हात. रस्त्याच्या कडेला आलो तेव्हा मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, म्हणजे आधी मनगटाबद्दल, मग टोपलीबद्दल, आणि समोर त्यांच्या घराचं दार उघडं दिसलं.

"बाबा, थांब!"

माझा एक पाय खाली गेलेला होता. तिने हात मागे ओढला, चांगला जोर लावून, आणि टेम्पो आमच्या समोरून निघून गेला. एकही अंडं फुटलं नाही.

ती डावीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. मग तिने उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं, आणि म्हणाली, "आता."

मग आम्ही गेलो.